जुन्या औषधांचे नवे उपयोग संगणकाच्या साह्याने शोधताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

२०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक लक्षवेधी निष्कर्ष प्रसिद्ध केला. फिट्स येणाऱ्या रुग्णांना दिले जाणारे टोपिरामेट हे औषध आतड्यांच्या जुनाट दाहावर उपयोगी पडू शकेल, असे त्यांनी केवळ सर्वांसाठी खुल्या असलेल्या माहितीसाठ्यांवर गणित करून ओळखले होते. पुढे उंदीरवर्गीय प्राण्यांच्या आतड्यात कृत्रिमरीत्या दाह निर्माण करून, टोपिरामेट दिल्यावर आतड्याची इजा कमी होते, हेही त्यांनी दाखवले. तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, दुसऱ्या एका गटाने अमेरिकेतील आरोग्यविम्याच्या दाव्यांच्या नोंदी तपासल्या. आतड्यांचा जुनाट दाह असलेल्या ज्या रुग्णांनी अन्य कारणासाठी टोपिरामेट घेतले होते, त्यांचा आजार पुन्हा उफाळण्याचे प्रमाण, तशाच कारणांसाठी दुसरी औषधे घेणाऱ्या रुग्णांपेक्षा कमी आढळले नाही.

हे उदाहरण मुद्दाम आरंभी घेतले आहे. पहिल्या गटाने आपले काम नीट केले होते, आणि दुसऱ्या गटानेही. या दोन्ही कामांतून शिकण्यासारखे हे, की संगणकाकडून आपल्या हाती येते ती तपासण्याजोग्या शक्यतांची यादी असते. ती यादी तयार करणे आता काही तासांचे काम झाले आहे. त्यातले कोणते नाव कोणत्या कारणाने गाळायचे हे ठरवण्यात मात्र महिने जातात, आणि खरे कौशल्य तिथेच पणाला लागते. म्हणून या लेखात यादी गाळण्याला अधिक जागा दिली आहे.

हा लेख जीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांपैकी एखाद्या विषयाचे पदवीपर्यंतचे ज्ञान असलेल्या, पण या क्षेत्रात नव्या असलेल्या वाचकांसाठी आहे. पायथन किंवा आर यांपैकी एका भाषेत तक्ते वाचता, जोडता आणि गाळता येत असतील, तर पहिला प्रकल्प साध्या लॅपटॉपवर पूर्ण करता येतो. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे : अशा यादीत आलेले कोणतेही औषध त्या यादीच्या आधारावर स्वतः घेऊ नये, आणि घरातल्या आजारी माणसालाही देऊ नये.

संगणकाच्या आधी

जुन्या औषधाला नवा उपयोग सापडणे ही गोष्ट पूर्वी बहुतेक वेळा एखाद्या जागरूक डॉक्टरच्या निरीक्षणातून घडत असे. सिल्डेनाफिल हे औषध फायझर कंपनी मुळात अंजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या छातीतील वेदनांसाठी, तपासत होती. १९९८ मध्ये ते पुरुषांतील लैंगिक दुर्बलतेसाठी मान्य झाले आणि २००५ मध्ये फुप्फुसांच्या धमन्यांतील वाढलेल्या रक्तदाबासाठी. थॅलिडोमाइडमुळे हजारो बाळे व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. त्यानंतर काही वर्षांतच जेरुसलेममध्ये कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे डॉ. जेकब शेस्किन यांना, या रोगात उद्भवणाऱ्या एका अतिशय वेदनादायी प्रतिक्रियेवर हेच औषध गुणकारी ठरते असे दिसले. त्या उपयोगाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. मिल्टेफोसिन हे कर्करोगासाठी विकसित झालेले संयुग. बिहारमधील चाचण्यांनंतर २००२ मध्ये भारताने त्याला काला-आजारावरील तोंडाने घेण्याचे औषध म्हणून परवाना दिला.

अशा औषधाच्या सुरक्षिततेविषयी, मात्रेविषयी आणि शरीरातील वाटचालीविषयी बरेच काही आधीच ठाऊक असते, ही या मार्गाची मोठी जमेची बाजू आहे. संगणकीय पद्धतींचा हेतू एवढाच, की अशी निरीक्षणे योगायोगावर न सोडता, उपलब्ध असलेल्या हजारो औषधांमधून शिस्तीने शोध घेता यावा.

पहिली पायरी : प्रश्न नेमका करणे

‘संधिवातावर औषध शोधायचे आहे’ असा प्रश्न संगणकाला विचारता येत नाही. संधिवाताचा कोणता प्रकार, आजाराच्या कोणत्या टप्प्यावरचा रुग्ण, सध्या त्याला कोणते उपचार मिळतात आणि त्या उपचारांत नेमके काय कमी पडते, हे चार-पाच वाक्यांत लिहून काढता आले तरच पुढे जावे. औषध किती काळ घ्यावे लागेल, हेही याच वेळी लिहावे, कारण किती दुष्परिणाम चालवून घ्यायचे हे त्यावर ठरते. शेवटच्या टप्प्यातील कर्करोगात जो धोका पत्करता येईल, तो वर्षानुवर्षे रोज गोळी घेणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णात पत्करता येणार नाही. मिल्टेफोसिनच घ्या : ते गर्भाला अपायकारक असल्यामुळे गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना ते देताना गर्भनिरोधनाची व्यवस्था करावीच लागते, आणि ही अट प्रश्न लिहितानाच समोर असायला हवी.

माझे स्पष्ट मत असे आहे, की त्या आजाराचे रुग्ण रोज पाहणाऱ्या एका तरी डॉक्टरांशी निवांत बोलल्याखेरीज संगणक उघडू नये. विद्यार्थी हे बोलणे शेवटी, निकाल दाखवण्यासाठी म्हणून करतात. तोपर्यंत तीन महिने अशा औषधांवर खर्च झालेले असतात, की जी त्या रुग्णांना कोणीच देणार नाही.

दुसरी पायरी : मार्ग निवडणे

मार्ग मुख्यतः चार आहेत, आणि पहिल्या प्रकल्पात त्यांपैकी एकच घ्यावा.

सर्वांत जुना मार्ग ग्रंथांतून जातो. शिकागो विद्यापीठातील डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये दाखवले, की माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा आणि रक्तकणिकांचे गोठणे कमी होते असे सांगणारे लेख एकीकडे होते, थंडीत बोटांचा रक्तपुरवठा कमी होणाऱ्या रेनो या विकारात रक्ताचा दाटपणा वाढलेला असतो असे सांगणारे लेख दुसरीकडे होते, आणि या दोन समूहांतले संशोधक एकमेकांचे लेखन वाचतच नव्हते. मधला दुवा जोडताच एक नवी कल्पना तयार झाली. आज हेच काम भाषेवर प्रक्रिया करणाऱ्या प्रणाली लाखो सारांशांवर करतात.

दुसरा मार्ग रेणूंच्या रचनेचा. रोगाशी संबंधित प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रोटीन डेटा बँकेतून घ्यायची आणि एकेक औषधाचा रेणू तिच्या खोबणीत कसा बसतो हे ऑटोडॉक व्हिनासारख्या मोफत प्रणालीने तपासायचे. याला डॉकिंग म्हणतात. हा मार्ग चित्रांमुळे आकर्षक वाटतो आणि म्हणूनच नवशिके त्याकडे आधी वळतात; पण डॉकिंगचा गुणांक म्हणजे रेणू प्रत्यक्षात किती घट्ट बांधला जातो याचे मोजमाप नव्हे. प्रथिनासोबत आधीच स्फटिकरूपात मिळालेला रेणू पुन्हा बसवून पाहिल्यावर तो मूळ जागेपासून दोन अँगस्ट्रॉमच्या आत बसतो का, आणि प्रभावी म्हणून ठाऊक असलेले रेणू निरुपयोगी रेणूंच्या वर येतात का, या दोन तपासण्या न करता काढलेली यादी कोणाला दाखवूही नये.

तिसरा मार्ग जाळ्यांचा. औषधे, प्रथिने, जनुके, लक्षणे, आजार हे सगळे बिंदू आणि त्यांच्यातले संबंध या रेषा, असा मोठा आलेख उभारून, न काढलेली रेषा कुठे असावी याचा अंदाज करायचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेटिओनेट या खुल्या आलेखात ११ प्रकारचे ४७,०३१ बिंदू आणि २४ प्रकारचे २२,५०,१९७ संबंध आहेत, आणि तो शिकण्यासाठी अतिशय चांगला आहे.

चौथा मार्ग जनुकांच्या सक्रियतेचा. आजारात काही जनुके नेहमीपेक्षा अधिक सक्रिय होतात, काही मंदावतात. या बदलांचा नमुना हा त्या आजाराचा ठसा मानता येतो. औषध दिल्यावर पेशींमध्येही असाच एक ठसा उमटतो. ज्या औषधाचा ठसा आजाराच्या ठशाच्या उलट असेल, ते औषध आजाराला विरोध करील, असे गृहीत धरून शोध घेतला जातो. बॉस्टनजवळील ब्रॉड इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये १६४ रेणूंचे असे ठसे कनेक्टिव्हिटी मॅप या नावाने खुले केले, आणि टोपिरामेटचा शोध त्यांच्याच आधारे लागला. २०१७ पर्यंत या संग्रहातील ठशांची संख्या तेरा लाखांवर गेली. पहिला प्रकल्प म्हणून मी हाच मार्ग सुचवते, कारण त्याची प्रत्येक पायरी हाताने तपासता येते आणि चूक कुठे झाली ते कळते.

तिसरी पायरी : माहिती गोळा करणे आणि निवडणे

औषधांची माहिती ड्रगबँक, केम्बल आणि पबकेम यांतून मिळते. आजार आणि जनुके यांचे दुवे ओपन टार्गेट्समधून. रुग्णांच्या ऊतींमधील जनुकांच्या सक्रियतेची मोजमापे जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस या साठ्यातून. कोणता साठा कोणत्या तारखेला उतरवून घेतला आणि त्याची आवृत्ती कोणती, याची नोंद त्याच दिवशी करावी. सहा महिन्यांनी ती आठवत नाही, आणि साठे सतत बदलत असतात.

यानंतर नावांचा गुंता सोडवावा लागतो. पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिटअमिनोफेन ही एकाच औषधाची नावे आहेत. सिल्डेनाफिल आणि सिल्डेनाफिल सायट्रेट हे एका साठ्यात एक, तर दुसऱ्यात दोन असतात. म्हणून नावांवरून तक्ते जोडू नयेत. आधी आरडीकिटसारख्या साधनाने क्षाराचा भाग वेगळा काढून मूळ रेणू ठेवावा आणि त्याची इंचीकी ही सत्तावीस चिन्हांची ओळख वापरून जोडणी करावी. जनुकांच्या नावांबाबत आणखी एक सावधगिरी : एक्सेलसारख्या तक्त्यांच्या प्रणाली काही जनुकांची नावे तारखा समजून आपोआप बदलतात, आणि ही चूक प्रसिद्ध शोधनिबंधांच्या तक्त्यांतही इतकी शिरली, की २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने अशी काही नावेच बदलून टाकली. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन करू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

चौथी पायरी : ठसा तयार करणे आणि यादी काढणे

आता आतड्यांच्या जुनाट दाहाचेच उदाहरण पुढे नेऊ. माहितीसाठ्यातून असा संच निवडावा, की ज्यात रुग्णांच्या आणि निरोगी व्यक्तींच्या आतड्याच्या एकाच भागातील ऊतींचे नमुने आहेत. नमुन्यांसोबतचे वर्णन संपूर्ण वाचावे. वय, लिंग, नमुना कोणत्या तुकडीत मोजला गेला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्ण त्या वेळी कोणती औषधे घेत होता, हे पाहावे. रुग्ण आधीच स्टेरॉइडवर असतील, तर हाती येणारा ठसा आजार आणि स्टेरॉइड यांचा मिळून असतो, आणि त्याच्या उलट औषध शोधणे म्हणजे काही अंशी उपचाराच्याच उलट औषध शोधणे होय.

दुसरा धोका अधिक खोल आहे. दाह असलेल्या आतड्यात रोगप्रतिकारक पेशी बाहेरून येऊन दाटी करतात. त्यामुळे ‘वाढलेली’ म्हणून दिसणारी बरीच जनुके प्रत्यक्षात एखाद्या पेशीत वाढलेली नसतात. त्या पेशींचीच संख्या वाढलेली असते. हा फरक न ओळखता काढलेली यादी, पेशी मारणारी औषधे वर आणून ठेवते. एकेका पेशीची स्वतंत्र मोजमापे असलेले संच आता बऱ्याच आजारांसाठी खुले आहेत. शक्य असेल तिथे त्यांच्याशी ताळा घ्यावा.

रुग्ण आणि निरोगी यांच्यातील फरक आर भाषेतील लिमा किंवा डीसेक-२ या साधनांनी काढता येतो. एकाच वेळी वीस हजारांच्या आसपास जनुके तपासली जात असल्याने केवळ योगायोगाने शेकडो जनुके ‘बदललेली’ दिसतील. म्हणून बेंजामिनी आणि होकबर्ग यांची दुरुस्ती लावल्याशिवाय कोणताही आकडा मानू नये. मग सर्वाधिक वाढलेली आणि सर्वाधिक घटलेली अशी साधारण शंभर ते दीडशे जनुके प्रत्येक बाजूने घेऊन ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या क्लू या प्रणालीला द्यावीत. उत्तर उणे १०० ते अधिक १०० या मोजपट्टीवर येते, आणि उणे ९० च्या खालची औषधे प्रथम पाहण्याजोगी मानली जातात.

या उत्तराकडे पाहताना दोन गोष्टी विसरू नयेत. या संग्रहातील ठसे ज्या एल-१००० पद्धतीने घेतले, तिच्यात प्रत्यक्षात ९७८ जनुकेच मोजली जातात आणि बाकीच्यांचे आकडे त्यांवरून अंदाजाने काढले जातात. शिवाय हे ठसे प्रामुख्याने कर्करोगाच्या पेशींवर घेतलेले आहेत. २००६ च्या मूळ संग्रहात तर बहुतांश काम स्तनाच्या कर्करोगाच्या एका पेशीप्रकारावर झाले होते. आतड्याच्या आजाराचा ठसा स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींतील ठशाशी ताडून पाहणे, ही उडी किती लांब आहे याचे भान ठेवावे. ज्या औषधाचा परिणाम अनेक पेशीप्रकारांत सारखा दिसतो, त्याला अधिक वजन द्यावे. आणि हा सगळा खटाटोप दुसऱ्या रुग्णालयातील, दुसऱ्या संशोधकांनी गोळा केलेल्या संचावर पुन्हा करून, दोन्हीकडे वर राहणारी औषधेच पुढे न्यावीत.

पाचवी पायरी : पद्धतीचीच परीक्षा

यादीतील नव्या नावांकडे पाहण्याआधी जुन्या नावांकडे पाहावे. स्टॅनफर्डच्या यादीत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वर आले होते, आणि ते आतड्यांच्या दाहावर आधीपासून वापरले जाते; त्यामुळे पद्धत काहीतरी खरे पकडते आहे असे म्हणायला आधार मिळाला. तुमच्या यादीत त्या आजाराचे एकही मान्य औषध वरच्या भागात नसेल, तर थांबून मागच्या पायऱ्या तपासाव्यात. याच्याइतकीच उलटी परीक्षाही गरजेची आहे : आजाराशी संबंध नसलेल्या जनुकांच्या मनमानी याद्या बनवून प्रणालीला द्याव्यात आणि कोणती औषधे त्यातही वर येतात ते पाहावे. जनुकांच्या सक्रियतेवर व्यापक परिणाम करणारी काही औषधे, उदाहरणार्थ व्होरिनोस्टॅट, जवळपास कोणत्याही प्रश्नाला उत्तर म्हणून हजर होतात.

जाळ्यांच्या मार्गाने जाणाऱ्यांना इथे वेगळा सापळा आहे. हेटिओनेटवरील कामात औषध आणि आजार यांच्या सुमारे २ लाख ९ हजार जोड्या तपासल्या गेल्या, आणि त्यांत ठाऊक असलेले उपचार होते ७५५. म्हणजे हजारात तीन-चार. अशा स्थितीत प्रतिमानाने सर्व जोड्यांना ‘नाही’ म्हटले तरी ते ९९ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरते. म्हणून एकूण अचूकतेचा आकडा न देता, वरच्या पन्नास किंवा शंभर नावांत खरी किती सापडली हे सांगावे. चाचणीसाठी जोड्या मनमानीने लपवल्या, तर अटोरव्हास्टॅटिन दिसत असताना त्याचेच भावंड असलेले रोझुव्हास्टॅटिन ओळखणे हेसुद्धा यश म्हणून मोजले जाते. एखाद्या आजाराची सगळीच औषधे एकदम लपवून पाहावे, किंवा ठरावीक सालापर्यंतची माहिती देऊन पुढच्या वर्षांतील मान्यता ओळखता येतात का ते पाहावे. आकडे घसरतात, पण ते विश्वासार्ह असतात.

सहावी पायरी : गाळणे

इथे सर्वांत अधिक वेळ द्यावा, आणि सर्वांत आधी मात्रेचा हिशोब करावा. औषधाचा परिणाम प्रयोगशाळेत ज्या संहतीला, म्हणजे द्रवातील प्रमाणाला, दिसला, तेवढी संहती माणसाच्या शरीरात नेहमीच्या मात्रेने गाठता येते का? २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी आयव्हरमेक्टिन पेशींमधील कोरोना विषाणूची वाढ रोखते असे दाखवले आणि जगभर त्या औषधाची मागणी वाढली. पण त्या प्रयोगातली निम्मा परिणाम घडवणारी संहती, मान्य मात्रा तोंडाने घेतल्यावर रक्तद्रवात मिळणाऱ्या कमाल संहतीच्या ३५ पटींहून अधिक होती. हा भागाकार करायला पाच मिनिटे लागतात. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात कमाल संहती दिलेली असते. तिच्यातला प्रथिनांना न बांधलेला, मोकळा भाग किती, तेही तिथेच सापडते, आणि खरा परिणाम बहुधा त्या मोकळ्या भागाचाच असतो.

दुसरी चाळणी खोट्या परिणामांची. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की कोरोना विषाणूविरुद्ध पेशींमध्ये प्रभावी दिसलेल्या अनेक औषधांचा परिणाम हा पेशींत फॉस्फोलिपिड या मेदद्रव्यांचा अनैसर्गिक साठा होण्यामुळे होता. अमिओडारोन आणि सर्ट्रालीन यांसारखे, एक टोक पाण्याकडे व दुसरे मेदाकडे ओढ घेणारे, धनभारित रेणू हे घडवतात. विषाणूवर त्यांचा नेमका वार नसतोच. अशा रचनेचे औषध यादीत वर आले, तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लावूनच पुढे जावे.

मग दिशा तपासावी. आलेखात ‘हे औषध या प्रथिनावर काम करते’ आणि ‘हे प्रथिन या आजाराशी संबंधित आहे’ अशा दोन रेषा असल्या, तरी औषध प्रथिनाला रोखते की चेतवते आणि आजारात ते प्रथिन वाढते की घटते, हे त्या रेषा नेहमी सांगत नाहीत. उलट्या दिशेचे औषध आजार वाढवील. मेंदूच्या आजारासाठी औषध मेंदूपर्यंत पोहोचते का, त्या रुग्णांच्या इतर औषधांशी त्याचे पटते का, आणि भारतात ते मिळते का, हे प्रश्नही याच वेळी विचारावेत.

हे सगळे एकत्र कसे दिसते, त्याचा चांगला नमुना बॅरिसिटिनिबचा आहे. लंडनमधील बेनेव्होलंटएआय या कंपनीच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटे पत्र प्रसिद्ध केले. कोरोना विषाणूच्या पेशीप्रवेशाला मदत करणाऱ्या एएके-१ या प्रथिनाला रोखणारी ३७८ संयुगे त्यांना आपल्या ज्ञान-आलेखात सापडली. त्यांपैकी ४७ वैद्यकीय वापरासाठी मान्य होती, आणि सहा त्या प्रथिनाला घट्ट बांधली जाणारी. या सहांत सुनिटिनिब आणि एर्लोटिनिब ही कर्करोगाची औषधे होती. त्यांचे दुष्परिणाम गंभीर आणि लागणारी मात्राही मोठी, म्हणून ती गळाली. संधिवातावरील बॅरिसिटिनिब मात्र रोज २ किंवा ४ मिलिग्रॅम या नेहमीच्याच मात्रेत पुरेशी संहती गाठत होते. पुढे ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत ८,१५६ रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांसोबत बॅरिसिटिनिब मिळालेल्यांत १२ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत १४ टक्के मृत्यू झाले, आणि मे २०२२ मध्ये अमेरिकेने रुग्णालयात दाखल प्रौढ कोविड रुग्णांसाठी त्याला पूर्ण मान्यता दिली. ३७८ पासून एकापर्यंतच्या प्रवासात आलेखाचे काम पहिल्या टप्प्यातच संपले होते. बाकीचे सगळे औषधशास्त्राच्या जुन्या, साध्या प्रश्नांनी केले. या औषधाचा फायदा मुख्यतः अतिरेकी दाह शमवण्यामुळे होतो असे आज मानले जाते, हेही ध्यानात ठेवावे : अंदाज बरोबर ठरला तरी त्यामागे मांडलेले कारणच खरे असते असे नाही.

सातवी पायरी : माणसांच्या नोंदी

प्रयोगशाळेआधी, किंवा तिच्यासोबत, एक स्वस्त आणि प्रभावी तपासणी उपलब्ध असते. उमेदवार औषध जुनेच असल्यामुळे ते घेणारी माणसे जगात आहेतच. त्यांच्यापैकी ज्यांना आपला आजार आहे, त्यांचे काय झाले? टोपिरामेटबाबत २०१४ च्या अभ्यासाने हाच प्रश्न विचारला होता. त्याची मांडणी नव्या विद्यार्थ्यांनी नीट अभ्यासावी : औषध घेणाऱ्यांची तुलना काहीच न घेणाऱ्यांशी केलेली नव्हती, तर तशाच कारणांसाठी दुसरे औषध घेणाऱ्यांशी केली होती. असे न केल्यास औषधाचा परिणाम आणि औषध ज्या कारणाने दिले त्या कारणाचा परिणाम वेगळे करता येत नाहीत.

काळाचा हिशोब चुकला तर काय होते, ते मेटफॉर्मिनने दाखवले. हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, असे अनेक निरीक्षणांनी सांगितले होते. त्यांपैकी बऱ्याच अभ्यासांत, औषध सुरू होण्यापूर्वी रुग्ण जिवंत राहिला तो काळही औषधाच्या खात्यात जमा झाला होता. अखेर स्तनाच्या कर्करोगाच्या ३,६४९ रुग्णांवर यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेली चाचणी, झाली, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालात मेटफॉर्मिनने कर्करोगमुक्त जगण्यात सुधारणा केल्याचे दिसले नाही.

आठवी पायरी : प्रयोगशाळा, परवानगी, रुग्ण

यानंतर उरलेली दोन-तीन नावे पेशींवर आणि मग योग्य प्राण्यांत तपासण्यासाठी सहकारी शोधावा लागतो. संगणकीय काम करणाऱ्याने त्याला केवळ यादी देऊ नये; कोणत्या संहतीला, कोणत्या पेशीत, काय दिसले तर हा अंदाज चुकीचा मानायचा, हे आधीच लिहून द्यावे.

भारतात हे काम रुग्णांपर्यंत न्यायचे तर दोन कायदेशीर बाबी माहीत हव्यात. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार, मान्य औषधही नव्या आजारासाठी विकायचे असेल तर ते ‘नवीन औषध’ ठरते आणि केंद्रीय परवाना अधिकाऱ्याची मान्यता लागते. नैतिकता समितीची संमती आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणी-नोंदणीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वीची नोंद, या गोष्टीही टाळता येत नाहीत. दुसरी बाब पैशाची आहे. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(ड) ज्ञात पदार्थाच्या केवळ नव्या उपयोगाला पेटंट देत नाही. औषधे परवडावीत यासाठी हे कलम मोलाचे आहे, आणि माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण त्यामुळे स्वस्त जुन्या औषधाच्या नव्या उपयोगासाठी चाचणीचा खर्च करायला खासगी कंपनी सहसा पुढे येत नाही, हेही खरे. असे काम सार्वजनिक रुग्णालयांनीच करायचे असते, आणि ते होऊ शकते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मेथोट्रेक्सेट आणि वेदनाशामक सेलेकॉक्सिब या जुन्या गोळ्यांची तुलना शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिसप्लॅटिनशी, डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या ४२२ रुग्णांत केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ७.५ महिने आणि सिसप्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने होते. ती कल्पना संगणकातून आलेली नव्हती, पण संगणकातून आलेल्या कल्पनेलाही याच दारातून जावे लागेल.

पहिल्या महिन्याचा सराव

सरावासाठी नवा आजार घेऊ नये. आतड्यांच्या जुनाट दाहाचे दोन स्वतंत्र संच उतरवून घ्यावेत, वरच्याप्रमाणे ठसा काढावा, क्लूला प्रश्न विचारावा आणि स्टेरॉइड वर्गातील औषधे कितव्या क्रमांकावर येतात ते पाहावे. ती वर आली नाहीत, तर तीन ठिकाणी शोध घ्यावा : नमुने देणारे रुग्ण आधीच स्टेरॉइडवर होते का, वाढलेली जनुके प्रत्यक्षात नव्याने आलेल्या पेशींची आहेत का, आणि निवडलेल्या जनुकांपैकी किती प्रत्यक्ष मोजलेल्या ९७८ मध्ये आहेत. ती वर आली, तर वरच्या तीस नावांचा तक्ता करून प्रत्येकापुढे मोकळी कमाल संहती, परिणामाची दिशा, दीर्घकाळ घेण्याची सुरक्षितता आणि गाळण्याचे कारण असे चार रकाने हाताने भरावेत. एका औषधाची माहितीपत्रके नीट वाचायला निदान अर्धा दिवस लागतो, त्यामुळे हा तक्ता पूर्ण व्हायला तीन आठवडे लागतील असे धरून चालावे.